मनीऑर्डर, सातबारा आणि सावित्री : महाडात कारखाने आले तेव्हा

धागा.

२४ डिसेंबर १९२७. महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून निघाले ते ‘पद्मावती’ बोटीने. दुसऱ्या दिवशी ते दासगाव बंदरात उतरले आणि तिथून सुमारे पाच मैल पायी चालत महाडला पोहोचले. त्याच संध्याकाळी मनुस्मृतीचे दहन झाले. या घटनेचा सामाजिक अर्थ सर्वपरिचित आहे. या धाग्यात मात्र त्या बोटीकडे पाहायचे आहे. आज दासगावला मुंबईहून प्रवासी बोट येत नाही. ज्या नदीच्या मुखातून ती आत शिरली, त्या सावित्रीच्या खाडीत आज महाडच्या रासायनिक कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले जाते. या दोन चित्रांच्या मधल्या काळात महाड-पोलादपूरचे काय झाले, त्याची ही कहाणी.

प्रथम भूगोल. वाचकांनी नकाशा उघडून ठेवावा. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटजवळ समुद्राला मिळते. महाडच्या शेजारी तिला गांधारी मिळते, तर रायगडाच्या मुलखातून आणि बिरवाडीच्या अंगाने येणारी काळ नदीही तिच्यातच विलीन होते. भरतीचे पाणी महाडच्या परिसरापर्यंत चढत असल्याने समुद्रापासून इतक्या आत असूनही महाड हे बंदर होते. गांधारपाल्याची आणि कोलची बौद्ध लेणी या व्यापारी वाटेची साक्ष देतात. वरंध आणि आंबेनळी या घाटवाटांनी देशावरचा माल खाली उतरे आणि नदीने पुढे जाई.

राजकारणालाही ही वाट उपयोगी पडली. १७९६ मध्ये नाना फडणवीसांनी पुण्यापासून दूर राहून डाव मांडला तो महाडात. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव कोकणात उतरला तोही महाडमार्गेच, आणि तिथून पुढे समुद्रवाटेने वसईला गेला. पळून जाण्यासाठी माणूस जे गाव निवडतो ते सहसा दळणवळणाचे गाव असते.

मग एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि या नदीवरून एका नव्या मालाची निर्यात सुरू झाली : माणसांची.

डोंगरउतारावर नाचणी-वरी, खाली भातखाचरे, एकच पीक, वर्षातले चार महिने पाऊस आणि आठ महिने रिकामे हात. त्यावर खोतीचा भार. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतली तरणी माणसे गिरणगावात गेली ती या गणितामुळे. पोलादपूरसारख्या डोंगराळ भागात तर शेतीने वर्षभर पोट भरणे अवघडच होते. गावकीची खोली, खाणावळ, पाळी, आणि गणपती व शिमग्याला गाव : या चौकटीत कोकणच्या कित्येक पिढ्या जगल्या. गावात राहिलेल्या बायका शेती सांभाळत आणि टपालवाल्याची वाट पाहत. ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ हा शब्दप्रयोग अभ्यासकांनी पुढे रूढ केला. गावात तो अनुभव म्हणून फार आधीपासून होता. जनगणनेतही त्याची खूण सापडते. या पट्ट्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक दिसते, आणि त्याचे कारण पुरुषांचे स्थलांतर आहे.

म्हणजे महाड-पोलादपूरचा कारखान्याशी संबंध एमआयडीसीने जोडला, हे म्हणणे बरोबर नाही. तो शंभर वर्षे जुना होता. फक्त कारखाना तिकडे होता आणि माणूस इकडचा.

आता जमिनीचा प्रश्न. हा भाग किचकट आहे, पण तो वगळला तर पुढचे काहीच नीट कळत नाही.

कोकणातल्या खोती गावांत सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत असे. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसायचेच नाकारले आणि हा संप सहा वर्षे चालला. १९३७ मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा. त्यापाठोपाठ कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याच्या दृष्टीने जमिनीचे मालक झाले. कागदोपत्री झालेला हा बदल गावोगाव अमलात यायला आणखी वर्षे लागली. दावे चालले, किमतीचे हप्ते फेडले गेले, नावे चढली.

आणि नावे चढून एक पिढी होते न होते तोच नवी नोटीस आली.

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ चा आणि त्यानुसार स्थापन झालेले महामंडळ १ ऑगस्ट १९६२ चे. या अधिनियमाच्या सहाव्या प्रकरणातील कलम ३२ शासनाला औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन सक्तीने संपादित करण्याचा अधिकार देते. कोकणातल्या एमआयडीसीलगतच्या गावांत ‘बत्तीसची नोटीस’ म्हटले की जुन्या माणसांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. खोताच्या हातून कुळाकडे यायला शतकभराचा संघर्ष लागला आणि कुळाच्या हातून महामंडळाकडे जायला राजपत्रातली एक अधिसूचना पुरली. ही तुलना थोडी अन्यायकारक आहे, कारण महामंडळाने मोबदला दिला आणि खोत काही देत नसे. तरीही सातबाऱ्यावर उशिरा चढलेले नाव इतक्या लवकर उतरावे, यातला विरोधाभास इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटू नये.

मोबदल्याचीही एक खास कोकणी अडचण होती. सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाखाली चुलते, आत्या, पुतणे अशी नावांची रांग. त्यातले निम्मे मुंबईत. तुकडा गुंठ्यांत मोजण्याजोगा. रकमेची वाटणी झाल्यावर हाती जे उरे त्यातून दुसरी जमीन घेणे बहुतेकांना शक्य नव्हते. शिवाय डोंगरउताराची वरकस जमीन, जिच्यावर गवत, राबाचा पाला आणि गुरांची चराई अवलंबून असे, ती कागदावर हलक्या प्रतीची. घरच्या हिशेबात मात्र तिच्याशिवाय भातशेती उभी राहत नसे.

पण शासनाला ही जमीन का हवी होती? १९६० च्या दशकात महाराष्ट्राचे उद्योग मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्यात एकवटले होते. ते बाहेर न्यावेत म्हणून १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आली. मागास तालुक्यात कारखाना काढणाऱ्याला विक्रीकरात आणि इतर बाबतींत सवलती, आणि तालुका जितका मागास तितकी सवलत मोठी. १९६६ मध्ये सिकॉमची स्थापना झाली ती याच धोरणाला भांडवलाची जोड देण्यासाठी. मुंबई-गोवा महामार्गालगत मग एकामागून एक औद्योगिक क्षेत्रे आखली गेली. रोहा, महाड आणि घाट उतरून पलीकडे खेड तालुक्यातले लोटे परशुराम. महाडकडे तीन गोष्टी होत्या : महामार्ग, बारमाही पाण्याची शक्यता आणि ‘मागास’ हा शिक्का. रायगडाच्या पायथ्याचा, चवदार तळ्याचा तालुका औद्योगिक नकाशावर आला तो मागासपणाच्या जोरावर.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याच दशकात जिल्ह्याच्या उत्तरेला आणि किनाऱ्याला अवाढव्य सरकारी प्रकल्प उभे राहत होते. अलिबागजवळ थळ-वायशेतचा खत कारखाना आणि नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल हे दोन्ही बॉम्बे हायच्या वायूवर बेतलेले होते. त्यांच्याविषयी संसदेत आणि वृत्तपत्रांत भरपूर वाद झाले. महाडला असा एकच महाकाय कारखाना कधी आला नाही. तिथे भूखंडाभूखंडाने मध्यम आकाराचे खासगी कारखाने आले. प्रत्येकाची परवानगी वेगळी, प्रत्येकाची चिमणी वेगळी. त्यामुळे सगळ्यांचा मिळून होणारा परिणाम महाकाय असला, तरी त्याच्याविषयी एकदाच, एकत्रित चर्चा करावी असा क्षण आलाच नाही. महाडच्या औद्योगिक इतिहासातली ही सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणावी लागेल.

काळही पाहण्याजोगा आहे. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बरेचसे गिरणीत परत गेलेच नाहीत. महाड-पोलादपूरच्या घरांत येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या. आणि तेव्हाच्या आसपास बिरवाडी, जिते, आसनपोई, नांगलवाडी या परिसरात भूखंड आखले जात होते. गिरणीतून परतलेल्या माणसाला दाराशी येणारा कारखाना काय वाटला असेल, हे आज प्रदूषणाच्या बातम्या वाचताना विसरले जाते. त्याला तो संकट वाटला नाही. गावात राहून पगार मिळण्याची शक्यता त्या मुलखाने प्रथमच पाहिली.

दुसरी घटना भोपाळची, डिसेंबर १९८४ मधली. तिच्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी नवी कलमे आली, आणि १९८९ मध्ये घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम झाले. युरोपातही १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली, विझवण्याचे पाणी ऱ्हाईन नदीत गेले, नदी लाल झाली आणि मासे मेले. रासायनिक उद्योग आणि नदी यांचे नाते काय असते, हे जगाला नव्याने कळत होते त्याच वर्षांत काळ आणि सावित्रीच्या काठी रासायनिक वसाहत आकार घेत होती. महाडच्या कारखान्यांना नियम माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय त्यामुळे उरत नाही.

या कारखान्यांत बनते तरी काय? हा प्रश्न तरुण वाचक क्वचितच विचारतात, म्हणून थोडे थांबून पाहू. ‘विनती ऑरगॅनिक्स’चा पाया १९८९ मध्ये घातला गेला. महाडला तिने बनवायला घेतलेला आयसोब्युटाइल बेन्झीन हा पदार्थ म्हणजे आयब्युप्रोफेन या वेदनाशामक औषधाचा कच्चा माल, आणि आज ती त्याच्या जगातील सर्वांत मोठ्या उत्पादकांत गणली जाते. ‘लक्ष्मी ऑरगॅनिक’चाही आरंभ १९८९ चा. अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेटसारखी द्रावके बनवणारा हा उद्योग घाटावरच्या साखरपट्ट्याशी मळीच्या नात्याने जोडलेला. ‘प्रिवी’ सुगंधी रसायने बनवते आणि त्यासाठी लागणारे टर्पेंटाइन हे परदेशातल्या कागद कारखान्यांचे उपउत्पादन. दूरदेशीच्या पाइन वृक्षांचा अर्क महाडला येतो आणि साबणाच्या वासाच्या रूपाने जगभर जातो. दासगावच्या बंदराने कधी पाहिला नसेल इतका दूरचा व्यापार हा मुलूख आज करतो आहे. नदी मात्र त्यात वाहतुकीची वाट राहिली नाही. आता तिचे काम पाणी पुरवणे आणि पाणी वाहून नेणे.

वाट कशी बदलली तेही सांगायला हवे. १९२८ मध्ये, म्हणजे पद्मावतीच्या त्या फेरीनंतर अवघ्या वर्षभरात, महाड-पोलादपूरदरम्यान सावित्रीवर दगडी पूल झाला. रस्त्याचे युग आले आणि बंदरे ओस पडत गेली. हा पूल पुढे अठ्ठ्याऐंशी वर्षे उभा होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, पुराच्या पाण्यात, तो दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहनांसह वाहून गेला. नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. इतक्या वेगाने पूल होऊ शकतो, हे कळण्यासाठी जुना पडावा लागला.

आता पाण्याकडे. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्याला आधार होता १९२३ च्या बोले ठरावाचा आणि तो अमलात आणण्याच्या महाड नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावाचा. सार्वजनिक पाणवठा सर्वांचा, हे तत्त्व न्यायालयात टिकायला १९३७ साल उजाडले. पाणी कोणी प्यावे, हा तो प्रश्न होता. नव्वदच्या दशकापासून परिसरातल्या गावांपुढे दुसराच प्रश्न आला : पाणी पिण्यासारखे आहे का?

काळ नदीच्या वरच्या अंगाला वाळणकोंड नावाचा खोल डोह आहे. वरदायिनीच्या या डोहातले मासे देवाचे मानले जातात, ते कोणी पकडत नाही, लोक त्यांना लाह्या-चुरमुरे टाकतात. निसर्गाच्या देवराईप्रमाणे राखलेल्या डोहाचे हे उदाहरण पर्यावरण अभ्यासकांनी नोंदवले आहे. तीच नदी डोंगर उतरून खाली औद्योगिक वसाहतीच्या अंगाने येते. वरच्या डोहातल्या माशाला देवाचे संरक्षण आहे, खालच्या पात्रातल्या माशाला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. कोणते अधिक परिणामकारक ठरले, हे खाडीतले भोई आणि दालदी मच्छीमार सांगू शकतील. त्यांच्या तक्रारी जुन्या आहेत.

व्यवस्था झालीच नाही, असे नाही. कारखानदारांच्या सहकारी संस्थेमार्फत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभे राहिले आणि प्रक्रिया केलेले पाणी वाहिनीने सावित्रीच्या खाडीत, ओवळे गावाजवळ सोडण्याची योजना झाली. म्हणजे भार नदीवरून खाडीवर गेला. बिरवाडीचा प्रश्न थोडा हलका झाला की खाडीकाठच्या गावांचा जड होतो. वाहिनी आणखी पुढे न्यावी, ही मागणीही याच तर्काने पुढे सरकते. ज्या गावांची एक गुंठाही जमीन संपादित झाली नाही आणि जिथल्या कोणाला बहुधा नोकरीही मिळाली नाही, ती गावे या साखळीच्या शेवटच्या टोकाला आहेत. राज्याने नदीकाठच्या घातक उद्योगांना अंतराची मर्यादा घालणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण केले होते. तेही फेब्रुवारी २०१५ मध्ये मागे घेतले गेले.

तरी नदीला मृत ठरवण्याची घाई नको. महाडजवळच्या सावित्रीत मगरींची चांगली वस्ती आहे आणि ती पाहायला लोक मुद्दाम येतात.

नदी बोलते ती पावसाळ्यात. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २१-२२ जुलै २०२१ च्या पावसात महाड शहर बुडाले, तळीये गाव दरडीखाली गेले, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे माणसे गाडली गेली. या दरडींचा दोष कारखान्यांवर टाकणे चुकीचे होईल. डोंगर खचण्याची कारणे वेगळी आहेत. पण पुराच्या बाबतीत चित्र इतके स्वच्छ नाही. गाळाने उथळ झालेले पात्र, दासगावजवळ खाडीपट्ट्यातून जाणारा कोकण रेल्वेचा भराव आणि नदीलगत वाढलेली वस्ती यांविषयी महाडकर वर्षानुवर्षे बोलत होते. मोठ्या प्रमाणावर गाळ काढण्याचे काम सुरू झाले ते २०२१ च्या पुरानंतर. ज्या नदीत एके काळी गलबते येत, ती कोरण्यासाठी यंत्रे आणावी लागली.

आणि रोजगार? बिरवाडीचा बाजार वाढला, भाड्याच्या खोल्या झाल्या, वाहतूक, खानावळी, दुरुस्तीची दुकाने आली. अनेक स्थानिक तरुण आयटीआय करून कारखान्यात लागले आणि मुंबईची खोली न करता संसार करू लागले. ही कमाई लहान मानू नये. मात्र गिरणीच्या कामगाराला जे मिळे, म्हणजे कायम नोकरी, संघटना आणि बोनससाठी भांडण्याची ताकद, ते इथल्या बऱ्याच कामगारांना मिळाले नाही. कंत्राटी पद्धत सर्रास आहे आणि आता इथे कामाला परप्रांतांतून माणसे येतात. जो मुलूख शंभर वर्षे माणसे पाठवत होता तो आता माणसे बोलावतो. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगारांचा मृत्यू झाला.

पोलादपूरचे काय? एके काळी महाड तालुक्याचाच पेटा असलेला, तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठ गावाचा हा तालुका औद्योगिक नकाशाच्या कडेला राहिला. सपाट जमीन नाही, म्हणून भूखंड नाहीत. भूखंड नाहीत, म्हणून प्रदूषणही नाही आणि पगारही नाही. २००१ ते २०११ या दशकात रायगड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २२ लाखांवरून २६ लाखांवर गेली. पोलादपूर तालुक्याची मात्र घटली. शेजारी औद्योगिक वसाहत येऊनही इथली मुंबईची वाट बंद झालेली नाही. कारखाना शेजारच्या तालुक्यात येणे आणि आपल्या गावात येणे यांत कोकणच्या भूगोलात एका घाटाचे नव्हे, एका पिढीचे अंतर असू शकते.

हाच क्रम आता उत्तरेकडे पुन्हा सुरू झाला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक शहरांच्या यादीत रायगडमधील दिघी बंदर औद्योगिक क्षेत्र आहे. क्षेत्रफळ ६,००० एकरांहून अधिक. माणगाव आणि रोहा तालुक्यांतल्या ज्या गावांचा त्यात समावेश होतो, तिथेही जमिनीचा हिशेब गुंठ्यांत होतो, आणि सातबाऱ्यावरची बरीच नावे मुंबईत राहतात.